मागच्या शॉकची कडी फिरवल्यावर नेमके काय बदलते

पावसाळा ओसरला की बेळगाव, खानापूर आणि निपाणीच्या गॅरेजांमध्ये एक मागणी हमखास ऐकू येते : मोटारसायकलचे मागचे शॉक जरा कडक करून द्या. मिस्त्री हूक पाना घेतो, स्प्रिंगखालची खाचांची कडी एक-दोन घरे पुढे सरकवतो आणि गाडी परत देतो. गाडी खरोखरच वेगळी वाटते, त्यामुळे स्प्रिंग कडक झाली हा समज पक्का होतो. वास्तविक स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेटोळ्यांचा व्यास, त्यांची संख्या आणि पोलादाचा गुणधर्म यांवर ठरतो, आणि पान्याने यांपैकी काहीच बदलत नाही. बदलते ती गाडीची मागची उंची. ज्याला प्रीलोड म्हणतात तो स्प्रिंगला बसवतानाच दिलेला दाब असतो. चाक हवेत लोंबत असतानाही स्प्रिंग थोडी आवळलेली असते, आणि कडी वर सरकवणे म्हणजे ही आवळण वाढवणे.

स्प्रिंग जितकी दाबावी तितक्या प्रमाणात ती उलट जोर लावते, हा नियम रॉबर्ट हूक याने १६७८ साली मांडला. तो मोटारसायकलला लावून पाहू. समजा मागच्या चाकाशी मोजलेला दोन्ही स्प्रिंगांचा मिळून कडकपणा असा आहे की २ किलो वजनाला गाडी १ मिलिमीटर दबते, आणि चाकाची एकूण वर-खाली हालचाल ९० मिलिमीटर आहे. गाडीच्या स्वतःच्या वजनापैकी ४५ किलो मागच्या स्प्रिंगांवर येते आणि प्रीलोड ३५ किलोंइतका आहे. मग नुसती उभी गाडी १० किलोंच्या फरकामुळे ५ मिलिमीटर बसेल. स्वार बसल्यावर त्याच्या वजनातले आणखी ४५ किलो मागे आले तर गाडी एकूण २७.५ मिलिमीटर बसेल. या बसण्याला सॅग म्हणतात, आणि रस्त्यावरच्या गाडीसाठी स्वारासह सॅग चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश असावा, असा सर्वमान्य अंदाज आहे. आपल्या उदाहरणातली गाडी त्या मर्यादेत आहे.

आता हीच गाडी उचगाव किंवा कडोलीहून पहाटे बेळगावात दूध घालायला निघाली आहे असे धरा. २० लिटरच्या दोन कॅनांतले दूध सुमारे ४१ किलो भरते, कॅनांचे वजन धरून ४५ किलो, आणि कॅन मागच्या चाकाच्या अंगाला लटकत असल्याने जवळपास सगळा भार मागेच येतो. सॅग आता ५० मिलिमीटर होतो, म्हणजे खड्डा गिळायला ४० मिलिमीटरच उरतात. कडी सरकवून चाकाच्या हिशेबात १० मिलिमीटर प्रीलोड वाढवला की सॅग ४० वर येतो आणि ५० मिलिमीटर उरतात. फरक दहाच मिलिमीटरचा दिसतो. पण स्प्रिंग पूर्ण दबेपर्यंत धक्क्यातली जी ऊर्जा ती शोषू शकते, ती उरलेल्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १६०० ला २५०० हे ते प्रमाण असल्याने शॉक तळाशी आपटण्यापूर्वीची राखीव क्षमता दीडपटीहून अधिक होते. गाडी कडक झाल्यासारखी वाटते ती मुख्यतः यामुळे.

या सगळ्यात एक गोष्ट सहज निसटते, आणि माझ्या मते साऱ्या विषयाची किल्ली तीच आहे. स्प्रिंगवर जे वजन आहे तेवढाच जोर तिला उलट लावावा लागतो, आणि तेवढा जोर लावण्यासाठी तिची लांबीही ठरलेली असते. म्हणून त्याच स्वाराखाली आणि त्याच ओझ्याखाली कडी पहिल्या घरात असो वा पाचव्या, स्प्रिंगची लांबी तितकीच राहते. कडी जितकी वर सरकते तितकी गाडी वर उचलली जाते, इतकेच. ज्या स्प्रिंगांची वेटोळी एका टोकाला दाट आणि दुसऱ्या टोकाला विरळ असतात, त्यांनाही हे लागू आहे. एकच शॉक आणि दांड्यांची जोडणी असलेल्या गाड्यांत मात्र चिमटा, म्हणजे मागचे चाक धरून वर-खाली हलणारा दुहेरी दांडा, कोणत्या कोनात आहे त्यानुसार शॉकवरचा जोर बदलतो, त्यामुळे तिथे उंची बदलली की चाकाशी जाणवणारा कडकपणाही थोडा बदलू शकतो.

मग कडी कायम शेवटच्या घरात का ठेवू नये? आपल्याच उदाहरणात वाढवलेला प्रीलोड आता ५५ किलोंइतका आहे आणि रिकामी गाडी मागे ४५ किलोच टाकते. म्हणजे स्वार नसताना स्प्रिंग मुळीच दबत नाही, शॉक पूर्ण लांबलेला राहतो, आणि एकटा स्वार बसला तरी गाडी १७.५ मिलिमीटरच बसते. सॅगचा उपयोग उंचवट्यापेक्षा खड्ड्यात अधिक असतो : रस्ता अचानक खाली गेला की चाकाने खाली उतरून त्याला धरून राहायचे असते, आणि ते तेवढेच उतरू शकते जेवढा सॅग असेल. जांबोटीवरून कणकुंबीकडे आणि पुढे चोर्ला घाटात उतरताना ओल्या वळणावर मागचे चाक क्षणभर जरी रस्ता सोडून उचलले गेले, तरी पकड गेलीच.

सॅग घरी मोजायला मोजपट्टी, चिकटपट्टी आणि स्वाराखेरीज दोन माणसे पुरतात. गाडी डबल स्टँडवर लावून मागचे चाक पूर्ण अधांतरी करावे, आसाच्या बरोबर वर मागच्या पत्र्यावर चिकटपट्टीने खूण करावी आणि आसाच्या मध्यापासून खुणेपर्यंतचे अंतर लिहून ठेवावे. मग गाडी स्टँडवरून उतरवून स्वाराने नेहमीचे हेल्मेट, जॅकेट आणि पाठपिशवीसह बसावे, पाय पायदानांवर ठेवावेत. एकाने पुढून हँडल सावरावे आणि दुसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजावे. दोन मोजमापांतला फरक म्हणजे सॅग. शॉकच्या सीलमध्ये घर्षण असल्याने गाडी दरवेळी त्याच जागी थांबत नाही, म्हणून एकदा मागून दाबून हळूच वर येऊ द्यावी, एकदा किंचित उचलून हळूच बसू द्यावी, आणि दोन्ही आकड्यांची सरासरी घ्यावी. चाकाची एकूण हालचाल गाडीच्या पुस्तिकेत किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात सापडते.

कडी फिरवण्याचे काम त्यामानाने किरकोळ आहे. स्प्लेंडरसारख्या दोन शॉकच्या गाडीला पाच पायऱ्यांची कडी असते आणि हूक पाना बहुधा गाडीच्या टूलकिटमध्येच मिळतो. खानापूरच्या पश्चिम भागातली तांबडी माती खाचांत बसून वाळली की कडी जागची हलत नाही. ही माती आधी पाण्याने आणि ब्रशने काढावी, कारण चिखलासह फिरवलेली कडी पायऱ्या झिजवते. गाडी डबल स्टँडवर असावी, म्हणजे स्प्रिंगवरचा भार कमी होतो, आणि सायलेन्सर थंड झालेला असावा. पाना खाचेत पूर्ण बसला नाही तर तो निसटतो आणि हाताची सालटी निघतात. दोन्ही बाजूंच्या कड्या एकाच घरात ठेवाव्यात. एक बाजू चढी राहिली तर चिमट्यावर पिळाचा ताण येतो. एकच शॉक असलेल्या काही गाड्यांत आट्यांवर फिरणाऱ्या दोन कड्या असतात. तिथे वरची कुलूपकडी आधी सैल करून मग दुसरी फिरवायची, आटे आधी स्वच्छ करायचे आणि किती फेरे दिले ते लिहून ठेवायचे, म्हणजे मूळ जागी परतता येते. शॉकच्या बाजूला वायूची डबी असेल तर ती घरी उघडण्याची वस्तू नव्हे; आत दाबाखालचा नायट्रोजन असतो.

मागची उंची बदलली की गाडीचे इतर हिशेबही हलतात. आपल्या उदाहरणात दुधामुळे मागचा भाग २२.५ मिलिमीटर जास्त बसला होता. दोन चाकांतले अंतर १२५० मिलिमीटर धरले तर गाडीचे तोंड सुमारे एक अंशाने वर होते, आणि २५ मीटरवर हेडलाइटचा झोत जवळपास ४५ सेंटिमीटर उंच पडतो. पहाटेच्या अंधारात समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत लख्ख उजेड जातो तो यामुळेही. पुढचा फोर्क तेवढाच जास्त आडवा होत असल्याने हँडल वळायला आळशी होते. उलट मागून फार चढवलेली गाडी चटकन वळते, पण सरळ रस्त्यावर अस्थिर वाटू शकते, आणि साइड स्टँडवर अधिक कलून उभी राहते. चिमट्याचा कोन बदलल्याने चेनचा सैलपणाही बदलतो, म्हणून तो पुस्तिकेतल्या मापाशी ताडून पाहणे याच कामाचा भाग आहे.

दूधवाल्याची खरी अडचण अशी की जाताना कॅन भरलेले आणि परतताना रिकामे. दिवसातून दोनदा कोणी पाना हातात घेणार नाही, आणि घ्यावा असे मी सुचवणारही नाही. भरलेल्या गाडीच्या हिशेबाने कडी लावावी आणि परतीच्या वाटेवर वेग आवरता ठेवावा, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण भरल्या गाडीचा शॉक तळाशी आपटला तर धक्का थेट चौकटीला आणि रिमला बसतो. आठवड्यातून एखाद्या बाजारालाच ओझे नेणाऱ्याने मात्र कडी एरवी एकट्या स्वारासाठीच लावून ठेवावी आणि त्या दिवसापुरती चढवावी.

कडी शेवटच्या घरात असूनही भरलेल्या गाडीचा सॅग एक-तृतीयांशाच्या फार पुढे जात असेल, तर अधिक कडक स्प्रिंग बसवणे किंवा ओझे कमी करणे, हेच दोन मार्ग उरतात. आणि खड्डा ओलांडल्यावर मागचा भाग दोन-तीनदा डोलत राहत असेल किंवा शॉकच्या दांड्यावर तेल दिसत असेल, तर दोष उसळी आवरणाऱ्या तेलाच्या भागात आहे. तिथे कडी कितीही फिरवली तरी डोलणे थांबणार नाही, शॉकची जोडीच बदलावी लागेल.