उतारवयातली औषधं आणि टोकणारा संगणक

८२ वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या बाईंचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं रक्तातून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) १.० आलं, तर लॅबच्या रिपोर्टवर ते नॉर्मलच दिसतं. वय, वजन धरून कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रात आकडे घातले की मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता मिनिटाला जेमतेम ३१ मिलिलिटर निघते. म्हणजे कित्येक औषधांचा डोस कमी करायला हवा. हे सूत्र १९७६ पासून आहे. पण भरलेल्या ओपीडीत दर पेशंटमागे ते मांडून कोण बसणार?

कोणती औषधं वृद्धांना शक्यतो देऊ नयेत याची गाजलेली यादी १९९१ साली अमेरिकेत मार्क बीअर्स आणि सहकाऱ्यांनी केली, तीही आधी फक्त नर्सिंग होमपुरती. २००८ साली आयर्लंडमधून ‘स्टॉप/स्टार्ट’ निकष आले. त्यांत द्यायला हवी असून राहून गेलेली औषधंही होती. मला हा अर्धा भागच जास्त मोलाचा वाटतो. त्याची चर्चा मात्र कमी होते.

संगणक तोवर वेगळ्या वाटेने दवाखान्यात शिरला होता. अमेरिकेतच क्लेमेंट मॅकडॉनल्ड यांनी १९७६ मध्ये दाखवून दिलं, की चुका होतात त्या डॉक्टर अडाणी असतो म्हणून नव्हे, एवढी माहिती एका डोक्यात मावत नाही म्हणून. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, बोस्टनच्या एका रुग्णालयात औषधं संगणकावरून लिहायला लागल्यावर वेळीच न पकडल्या गेलेल्या गंभीर चुका ५५ टक्क्यांनी घटल्या.

यादी आणि संगणक यांची गाठ पडली ती कॅनडातल्या क्युबेकमध्ये. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या चाचणीत फॅमिली डॉक्टरांना पडद्यावर इशारे मिळत होते. वृद्धांना नव्याने अयोग्य औषध सुरू होण्याचं प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी कमी झालं. आधीपासून चालू असलेली औषधं मात्र फारशी सुटली नाहीत.

गाडी अजून तिथेच अडते. इशारे वाढले तसे डॉक्टर न वाचताच ते बंद करू लागले. २००६ च्या एका आढाव्यात निम्म्यापासून ९६ टक्क्यांपर्यंत इशारे डावलले गेल्याचं दिसलं. युरोपातल्या ‘सेनेटर’ चाचणीत सॉफ्टवेअरने सुचवलेल्यांपैकी जेमतेम १५ टक्के बदल अमलात आले आणि दुष्परिणाम घटले नाहीत. झोपेची गोळी बंद करा, असं पडदा सांगतो. ती दुसऱ्याच डॉक्टरने लिहिलेली असते, आणि आजींना तिच्याशिवाय डोळा लागत नाही.