गाडलेले ज्वालामुखी

गाळाच्या द्रोणीत (गाळ साचत जाणाऱ्या विस्तीर्ण खोलगट भागात) उद्रेक होऊन पुढे थरांखाली पूर्णतः वा बहुतांशी झाकले गेलेले मृत ज्वालामुखी. द्रोणीचा तळ खचत राहतो, वर गाळ साचत जातो. त्यामुळे उघड्यावरच्या शंकूंची होते तशी यांची झीज होत नाही. त्यांचा ठाव बहुधा खनिज तेलाच्या शोधासाठी घेतलेल्या भूकंपीय परावर्तन छेदांतून (जमिनीत सोडलेल्या तरंगांच्या प्रतिध्वनींवरून काढलेल्या थरांच्या उभ्या चित्रांतून) लागतो. शंकूच्या बुडाखालचा थर उद्रेकाआधीचा आणि उतारावर येऊन टेकलेला थर नंतरचा धरतात. म्हणजे खडकाचा तुकडा हाती नसतानाही वयाच्या मर्यादा ठरतात. एक फसगत नेहमीची आहे. बेसाल्टमधून (लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकातून) हे तरंग गाळापेक्षा वेगाने जातात, म्हणून शंकूखालचे सपाट थर छेदावर उचलल्यासारखे दिसतात.

भूपट्टांशी (पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यांशी) यांचा संबंध एकाच प्रकारचा नसतो. न्यूझीलंडच्या तारानाकी द्रोणीतील मायोसीन काळातील (सु. २.३ कोटी ते ५० लक्ष वर्षांपूर्वीच्या) अँडेसाइटी (अँडेसाइट या ज्वालामुखी खडकाचे) शंकू पॅसिफिक भूपट्ट ऑस्ट्रेलियन भूपट्टाखाली सरकल्यामुळे झाले, याबद्दल फारसा वाद नाही. याउलट ऑस्ट्रेलियातील कूपर-एरोमांगा द्रोण्यांखाली २०१९ मध्ये वर्णिलेले सुमारे १०० ज्वालामुखी (सु. १८ ते १६ कोटी वर्षांपूर्वीचे) भूपट्टाच्या कडेपासून फार दूर आहेत.

अरबी समुद्रातील लक्ष्मी द्रोणीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडील या द्रोणीच्या अक्षावर रामन, पणिक्कर व वाडिया हे सागरी पर्वत आहेत. वाडियाचा माथा सपाट आहे. त्यांची बुडे सिंधू पंख्याच्या (सिंधू नदीने समुद्रतळावर पसरलेल्या गाळाच्या) थरांत रुतलेली आहेत. चुंबकीय पट्ट्यांच्या (समुद्रतळाच्या खडकांतील चुंबकत्वाच्या एकाआड एक पट्ट्यांच्या) आधारे काहींनी येथील कवच महासागरी मानले, तर काहींनी ते ताणून पातळ झालेले व बेसाल्ट घुसलेले खंडीय कवच ठरवले. २०१५ च्या आंतरराष्ट्रीय वेधन मोहिमेत लक्ष्मी द्रोणीतील यू१४५७ या वेधनस्थळी सुमारे १,०९० मी. गाळाखाली बेसाल्ट लागला. वाद मात्र मिटला नाही. बेसाल्टचे रासायनिक गुणधर्म ज्वालामुखी द्वीपचापांशी (एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो तेथे उभ्या राहणाऱ्या बेटांच्या कमानींशी) जुळतात, यावरून येथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली जाऊ लागला होता, असे २०१९ मध्ये सुचवण्यात आले. मात्र वर येणाऱ्या शिलारसात खंडीय कवचाचा अंश मिसळल्यानेही तसे गुणधर्म येऊ शकतात. भारत व सेशेल्स विलग होतानाच्या ताणाशी हे दुसरे स्पष्टीकरण अधिक सुसंगत वाटते. रीयुनियन तप्तबिंदूचा (खोलवरून उष्ण द्रव्य वर येणाऱ्या जागेचा) येथील ज्वालामुखीक्रियेत वाटा किती, हे मात्र या स्पष्टीकरणावरून ठरत नाही.

अशा शंकूंभोवतीचा ज्वालामुखीजन्य गाळ सच्छिद्र असल्यास त्यात तेल साठते. तारानाकीतील कोरा शंकूवर घेतलेल्या विहिरीत ते मिळाले आहे.