‘एक वर्ष बसायचं’: अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमधल्या ट्रान्सफरची पार्श्वभूमी

१३ डिसेंबर २०२३ रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंग गावच्या फेडरल कोर्टात रेक्वान बॅटल नावाचा बास्केटबॉलपटू साक्षीला उभा राहिला. वॉशिंग्टन राज्यातल्या तुलालिप या मूलनिवासींच्या राखीव प्रदेशात वाढलेला हा मुलगा. आधी वॉशिंग्टन विद्यापीठात दोन वर्षं, मग मोंटाना स्टेटमध्ये दोन. तिथल्या त्याच्या कोचला दुसरीकडे नोकरी मिळाली आणि तो निघून गेला. मग बॅटलनेही वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात प्रवेश घेतला. त्याला तिथे आणणाऱ्या कोचने मोसम सुरू व्हायच्या आधीच राजीनामा दिला. सरावाला रोज हजर, वर्गांना हजर, पण सामन्याच्या दिवशी बॅटल साध्या कपड्यांत बाकावर. कारण कॉलेज क्रीडेची नियामक संस्था एनसीएए हिचा नियम: दुसऱ्यांदा कॉलेज बदललंस, तर एक वर्ष खेळायचं नाही.

ओहायो, न्यूयॉर्क, वेस्ट व्हर्जिनियासह सात राज्यांनी या नियमाविरुद्ध दावा लावला होता. न्यायाधीश जॉन प्रेस्टन बेली यांनी त्याच दिवशी नियमाला तात्पुरती स्थगिती दिली आणि पुढच्याच आठवड्यात बॅटल मैदानात उतरला. चार महिन्यांनी, एप्रिल २०२४ मध्ये, एनसीएएने नियमच बदलला. अभ्यासात ठीकठाक असलेल्या खेळाडूने कितीही वेळा कॉलेज बदललं तरी त्याला लगेच खेळता येईल, असं ठरलं.

आपल्याकडे ‘बदली’ म्हटलं की वरून आलेला हुकूम डोळ्यांसमोर येतो. इथे उलट. खेळाडूला जायचं असतं आणि वरून त्याला अडवलं जात असतं. ही अडवणूक सुरू कुठून झाली ते पाहायचं, तर योगायोगाने पुन्हा वेस्ट व्हर्जिनियालाच जावं लागतं.

१८९६ ची गोष्ट, आणि खेळ बास्केटबॉल नव्हे, अमेरिकन फुटबॉल. बास्केटबॉल तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा होता. वेस्ट व्हर्जिनियात कायदा शिकणारा फील्डिंग योस्ट नावाचा धिप्पाड विद्यार्थी अचानक पेनसिल्व्हेनियातल्या लाफायेत कॉलेजात दाखल झाला. त्या आठवड्यात लाफायेतचा सामना बलाढ्य पेन विद्यापीठाशी होता. योस्ट खेळला, लाफायेत ६-४ असं जिंकलं आणि योस्ट थोड्याच दिवसांत आपल्या जुन्या कॉलेजात परतला! पुढे हाच योस्ट मिशिगनचा नामांकित कोच झाला. अशा फिरत्या खेळाडूंचा तेव्हा सुळसुळाट होता. सामन्यापुरतं नाव नोंदवायचं, खेळायचं, कुणाकडून तरी चार पैसे घ्यायचे आणि पुढच्या गावी जायचं.

१९०५ च्या मोसमात फुटबॉलमध्ये मैदानावर मृत्यू झाले, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी लक्ष घातलं आणि त्यातून एनसीएएचा पाया घातला गेला. १९०६ मध्ये मध्यपश्चिमेतल्या विद्यापीठांनी, म्हणजे पुढे ‘बिग टेन’ म्हणून ओळखल्या गेलेल्या गटाने, ठरवलं की खेळण्याआधी विद्यार्थ्याने वर्षभर तिथे शिकलेलं असलं पाहिजे. त्या काळापुरता हा उपाय रास्तच होता. योस्टसारखे पाहुणे त्याने बंद झाले.

पण रोग गेला तरी पथ्य राहिलं, आणि पुढे पथ्याचा बंधारा झाला. १९५६ पासून एनसीएएने खेळाच्या जोरावर स्कॉलरशिप द्यायला परवानगी दिली. फी, राहणं, जेवण कॉलेजकडे. साहजिकच ज्याच्यावर खर्च केला तो दुसऱ्याकडे जाऊ नये, हा हिशेब आला. त्याच सुमाराला कोलोरॅडोत सामन्यात डोक्याला मार लागून रे डेनिसन हा खेळाडू दगावला. त्याच्या पत्नीने कामगार म्हणून भरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. खेळाडू हा कॉलेजचा नोकर ठरू नये म्हणून एनसीएएने ‘विद्यार्थी-खेळाडू’ असा शब्द रूढ केला. संस्थेचे पहिले कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनीच निवृत्तीनंतर हे लिहून ठेवलं आणि आपण उभारलेल्या व्यवस्थेवर कडक टीकाही केली. हा जोडशब्द मला या सगळ्या इतिहासाची किल्ली वाटतो. खेळाडू विद्यार्थी आहे, म्हणून त्याला पगार नाही. आणि खेळाडू आहे, म्हणून साध्या विद्यार्थ्यासारखं त्याला कॉलेजही बदलता येत नाही. व्हायोलिन वाजवणारी मुलगी स्कॉलरशिप सोडून दुसऱ्या विद्यापीठात गेली, तर पहिल्याच महिन्यात तिथल्या वाद्यवृंदात बसू शकते. तिला कुणी वर्षभर गप्प बसवत नाही.

बसायला लावण्याचं कारण दिलं जायचं ते अभ्यासाचं: नव्या जागी रुळायला वेळ हवा. मग टेनिस, जलतरण, गोल्फमधल्या मुलांना तो का नको होता? त्यांना एकदा कॉलेज बदलून लगेच खेळायची सवलत होती. सक्तीचं वर्ष होतं ते प्रामुख्याने फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल आणि पुरुषांच्या आइस हॉकीला. नुसत्या एनसीएए बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपण हक्कांचा २०१० मध्ये झालेला करार १४ वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलरचा होता, हे लक्षात घेतलं की कारण वेगळं शोधावं लागत नाही.

ते सक्तीचं वर्ष कुणाला फळलंही. पुढे व्यावसायिक बास्केटबॉलमधला दिग्गज ठरलेल्या लॅरी बर्डचं उदाहरण तिथल्या बास्केटबॉलप्रेमींच्या तोंडपाठ आहे. इंडियानातल्या फ्रेंच लिक या लहानशा गावचा हा मुलगा १९७४ मध्ये इंडियाना विद्यापीठाच्या अवाढव्य आवारात गेला, बिचकला आणि २४ दिवसांत घरी परतला. गावच्या नगरपालिकेत कामाला लागला: गवत कापणं, रस्ते, कचऱ्याची गाडी. पुढच्या वर्षी इंडियाना स्टेटने त्याला आणलं. तिथे एक मोसम बसला आणि मग १९७९ मध्ये त्याच संघाला एकही सामना न हरता अंतिम फेरीत घेऊन गेला. मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटने त्यांना ७५-६४ असं हरवलं.

खरा जाच मात्र वर्षभर बसण्यापेक्षा परवानगीचा होता. २०१८ पर्यंत खेळाडूला दुसऱ्या कॉलेजशी बोलायचं असेल तर आधी स्वतःच्या कॉलेजची मोकळीक घ्यावी लागे. ती मिळाली नाही, तर नव्या ठिकाणी स्कॉलरशिप नाही. कोणत्या कॉलेजांशी बोलायचं नाही याची यादीही कोच देऊ शकत असे. २०१२ मध्ये विस्कॉन्सिनच्या जॅरड उथॉफला अशी यादी मिळाली. तीत बिग टेनमधलं प्रत्येक कॉलेज होतं, एसीसी गटातलं प्रत्येक कॉलेज होतं, शिवाय आणखी काही. आरडाओरडा झाल्यावर बंदी बिग टेनपुरती उरली. उथॉफ तरीही बिग टेनमधल्याच आयोवात गेला, पहिलं वर्ष स्वतःच्या खर्चाने शिकला, बसला आणि पुढे तिथला आधारस्तंभ झाला. त्याच्या आदल्याच वर्षी सेंट जोसेफ्सच्या टॉड ओब्रायनला पदवी हातात असूनही जुन्या कॉलेजने सोडलं नाही. पदवीधरांना दुसरीकडे लगेच खेळायची सवलत होती, पण त्यावर जुन्या कॉलेजची सही लागायची. ती सही झालीच नाही आणि त्याचं शेवटचं वर्ष वाया गेलं.

कोचना असलं काही बंधन नव्हतं. जॉन कॅलिपारी २००९ मध्ये मेम्फिस सोडून केंटकीला गेले आणि त्याच मोसमात संघ घेऊन उभे राहिले. त्यांच्या शब्दावर मेम्फिसला आलेल्या मुलांना मात्र तिथून निघायचं तर वर्ष मोजावं लागलं असतं. हा अन्याय तेव्हाही उघड्या डोळ्यांना दिसत होता.

बंधारा फुटला तो तीन-चार बाजूंनी जवळजवळ एकदम. १५ ऑक्टोबर २०१८ ला ‘ट्रान्सफर पोर्टल’ सुरू झालं. म्हणजे एक सामायिक नोंदवही, कॉलेजांना ऑनलाइन दिसणारी. खेळाडूने सांगायचं, कॉलेजने दोन दिवसांत नाव टाकायचं. परवानगी हा शब्दच गेला. कोविडच्या मोसमात खेळलेल्यांना कॉलेजकडून खेळण्याच्या पात्रतेचं एक वर्ष जादा मिळालं, त्यामुळे जागा तेवढ्याच आणि खेळाडू जास्त अशी स्थिती झाली. एप्रिल २०२१ मध्ये सर्व खेळांना एकदा कॉलेज बदलून लगेच खेळायची मुभा मिळाली. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्स्टन खटल्यात, म्हणजे खेळाडूंच्या शैक्षणिक लाभांवर एनसीएएने घातलेल्या मर्यादांविरुद्धच्या दाव्यात, ९-० असा निकाल एनसीएएविरुद्ध दिला. आणि १ जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर व चेहऱ्यावर पैसे कमवायची मोकळीक मिळाली, जिला तिथे एनआयएल म्हणतात. या शेवटच्या लढाईच्या मुळाशी यूसीएलएचा १९९५ चा विजेता खेळाडू एड ओबॅनन होता. एका व्हिडिओ गेममध्ये स्वतःसारखाच दिसणारा खेळाडू पाहून त्याने २००९ मध्ये दावा लावला होता.

जायची मोकळीक आणि कमवायची मोकळीक तीन महिन्यांच्या आत आल्या, म्हणून आजचा बाजार उभा राहिला. एप्रिल २०२२ मध्ये कॅन्सस स्टेटचा नायजेल पॅक मायामीला गेला. तिथल्या एका उद्योजकाने दोन वर्षांसाठी आठ लाख डॉलर आणि एक गाडी असा करार उघडपणे जाहीर केला होता. जून २०२५ मध्ये खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लावलेल्या हाऊस खटल्याची तडजोड मंजूर झाली आणि आता कॉलेजंच खेळाडूंना थेट पैसे देतात. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक कॉलेजमागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर ठरली, सर्व खेळ मिळून.

मी खेळाडूंच्या बाजूचा आहे, पण याची किंमत कोण देतं तेही सांगायला हवं. न्यू जर्सीतलं जर्सी सिटी मराठी वाचकांना परकं नाही. जर्नल स्क्वेअरजवळच्या इंडिया स्क्वेअरपासून थोड्याच अंतरावर सेंट पीटर्स हे छोटं विद्यापीठ आहे. मार्च २०२२ मध्ये त्यांच्या संघाने केंटकी आणि पर्ड्यू यांना हरवलं. सोळांपैकी पंधरावं मानांकन असताना शेवटच्या आठांत पोचलेला तो पहिलाच संघ. त्यानंतर काही दिवसांत कोच शाहीन हॉलोवे सीटन हॉलला गेले. डग एडर्ट ब्रायंटला, डॅरिल बँक्स सेंट बोनाव्हेंचरला, केसी एन्डेफो कोचच्या मागोमाग. ज्या गल्ल्यांनी त्या मुलांना डोक्यावर घेतलं, त्यांना पुढच्या हिवाळ्यात जर्सी तीच दिसली, आतले चेहरे नवे.

आणि ज्यांना कुणी घेत नाही ती मुलं? पोर्टलमध्ये नाव गेलं की जुनं कॉलेज सत्राअखेर स्कॉलरशिप काढून घेऊ शकतं. पुरुषांच्या पहिल्या श्रेणीत साडेतीनशेच्या वर संघ आहेत. हल्ली एकेका वसंतात दोन हजारांवर नावं पोर्टलमध्ये येतात आणि त्या प्रत्येकासाठी पलीकडे खुर्ची रिकामी नसते. परदेशी खेळाडूंची अडचण वेगळीच. विद्यार्थी व्हिसावर कामाची मनाई असल्याने एनआयएलचा पैसा घेताना त्यांना जपून राहावं लागतं.

कोचही थकले. एप्रिल २०२४ मध्ये कॅलिपारी आर्कान्सॉला रुजू झाले, तेव्हा संघाला भेटलो आणि संघच नाही, असं त्यांनी पहिल्याच पत्रकार परिषदेत सांगितलं. मायामीचे जिम लॅरान्यागा यांनी त्याच वर्षी डिसेंबरात, ऐन मोसमात काम सोडलं. २०२३ मध्ये त्यांचा संघ शेवटच्या चारांत गेला होता, आणि लगेच त्यांच्या आठ खेळाडूंनी पोर्टलमध्ये नावं घातली, हे त्यांनी निरोपाच्या वेळी सांगितलं.

७ एप्रिल २०२५ ला सॅन अँटोनिओत एनसीएए स्पर्धेचा अंतिम सामना होता. फ्लोरिडा ६५, ह्यूस्टन ६३, घड्याळात शेवटचे काही सेकंद आणि चेंडू ह्यूस्टनच्या इमॅन्युएल शार्पच्या हातात. तो फेकीसाठी उडाला तोच फ्लोरिडाचा वॉल्टर क्लेटन त्याच्यावर झेपावला. फेकता येईना, म्हणून शार्पने चेंडू खाली सोडला. स्वतः उचलला असता तर नियमभंग झाला असता. तो चेंडू तसाच टप्पे खात राहिला आणि वेळ संपली. क्लेटन फ्लोरिडाला आला होता न्यूयॉर्कजवळच्या लहानशा आयोना विद्यापीठातून. त्याच्याबरोबर चषक उचलणारा अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकचा, विल रिचर्ड बेलमाँटचा. २०२१ च्या आधीचा नियम असता, तर क्लेटन आणि रिचर्ड दोघांनाही इथे येऊन आधी एक वर्ष बसावं लागलं असतं.