आरोग्याच्या डिजिटल खात्याला पेशंट का बिचकतो?

आजाराच्या नोंदी मोबाईलवर दिसाव्यात म्हणून सरकारने डिजिटल आरोग्य खातं काढलं. लोक ते वापरत नाहीत, कारण त्यांना मोबाईलची भीती वाटते, असं म्हटलं जातं. पण आजाराचे कागद स्वतः सांभाळणं कोल्हापूरच्या पेशंटला नवीन नाही. ओपीडीचा केसपेपर, लॅबचे रिपोर्ट, एक्स-रे सगळं त्याच्याच हातात दिलं जातं. म्हणून घाट चढून कोकणातून किंवा निपाणीकडून थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सरकारी सीपीआर रुग्णालयात, येणाऱ्याकडे कागदांची प्लॅस्टिकची पिशवी असतेच. २००२ चे वैद्यकीय आचारनियम नोंदी तीन वर्षं जपायला सांगतात, पण त्या ॲडमिट झालेल्या पेशंटच्या. २०१९ च्या महापुरात चिखली-आंबेवाडीची घरं पाण्यात गेली, तेव्हा अशा पिशव्यांचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. आता रिपोर्टचा फोटो मोबाईलमध्ये असतो आणि डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर जातोही. तेव्हा मोबाईलची भीती हे कारण पटत नाही.

सरकारी बाजूने इलेक्ट्रॉनिक नोंदींची मानकं २०१३ मध्ये आली, २०१६ मध्ये सुधारली. या डिजिटल खात्याच्या योजनेची घोषणा १५ ऑगस्ट २०२० ला झाली, सुरुवात सहा केंद्रशासित प्रदेशांत. देशभर योजना लागू झाली २७ सप्टेंबर २०२१ ला. पण तोवर घोळ होऊन गेला होता.

घोळ कोविडच्या लसीकरणातला. कोविन पोर्टलवर ज्यांनी आधार दाखवून लस घेतली, त्यांच्यापैकी अनेकांच्या सर्टिफिकेटवर चौदा आकडी आरोग्य क्रमांक, म्हणजे याच खात्याचा नंबर, छापून आला. लोक लस घ्यायला रांगेत उभे होते, खातं उघडायला नव्हे. नाव नोंदवतानाच्या अटींत संमती होती, असा सरकारी बाजूचा युक्तिवाद. आरोग्याच्या माहितीबाबतचं सरकारचंच डिसेंबर २०२० चं धोरण मात्र सहभाग ऐच्छिक असल्याचं आणि संमती समजून-उमजून घ्यायची असल्याचं सांगतं. मागे खोळंबलेली रांग आणि पुढ्यात लस असताना कोण अटी वाचत बसणार? कागदोपत्री बरोबर असेलही, पण विश्वासाची सुरुवात तिथेच बिघडली. पुढे २०२२ मध्ये त्या क्रमांकाचं नाव ‘आभा’ झालं, आणि ते पाच लाखांच्या मोफत उपचाराचं आयुष्मान कार्डच, असा आणखी एक समज पसरला. उपचार फुकट होत नाहीत म्हटल्यावर ‘मग हे कशाला?’ हा प्रश्न रास्तच.

ऑक्टोबर २०२२ पासून क्यूआर स्कॅन करून केसपेपर काढायची सोय आली. त्यामुळे खाती वाढली, पण ती रांग टाळायला. आजाराच्या नोंदी मात्र त्या खात्यात एका जागी साठत नाहीत. ज्या दवाखान्यात तपासणी झाली तिथेच राहतात आणि पेशंटने परवानगी दिली की दिसतात. त्यासाठी दवाखान्याने आधी त्या खात्याला जोडाव्या लागतात. कोपऱ्यावरच्या छोट्या क्लिनिकात चिठ्ठी अजून पेनानेच लिहिली जाते, मग ॲपमध्ये येणार काय?

विदा म्हणजे डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. तरीही ‘माझी शुगर विमा कंपनीला कळणार का?’ हे लोक विचारतातच. वयस्करांची अडचण तर त्याच्याही आधी सुरू होते: आधारला जोडलेला नंबर पुण्यातल्या पोराचा. खातं उघडायचा ओटीपी तिकडे जातो, पोरगा मीटिंगमध्ये असला की खिडकीवरचा माणूस नेहमीचा कागदी केसपेपर काढून देतो.