धक्का की भार? जलचक्रामागील शास्त्राची पार्श्वभूमी

वाहत्या पाण्याने चाक फिरवून दळण दळण्याची विद्या किमान दोन हजार वर्षे जुनी आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस याने प्रवाहात उभ्या चाकाचे आणि त्याची गती दातेरी चक्रांमार्फत जात्यापर्यंत नेण्याच्या रचनेचे वर्णन केलेले आहे. पुढे रोमन काळातच दक्षिण फ्रान्समधील बार्बेगाल येथे डोंगरउतारावर १६ चाके दोन रांगांत बसवून पिठाचा जणू कारखानाच उभारण्यात आला. मात्र पाण्यातील ऊर्जेचा नेमका किती भाग चाकाला मिळतो, हे मोजून सांगायला अठरावे शतक उजाडावे लागले.

चाक दोन प्रकारे फिरते. खालून वाहणारा प्रवाह पात्यांवर आदळला, तर पाण्याचा वेग कामी येतो. पन्हळीतून आणलेले पाणी चाकाच्या माथ्यावरील कप्प्यांत पडले, तर भरलेल्या बाजूचा भार चाकाला खाली ओढतो. फ्रेंच गणिती आंत्वान पारां याने १७०४ मध्ये केवळ धक्क्याचा विचार करून असे गणित मांडले, की प्रवाहाच्या शक्तीपैकी जास्तीत जास्त ४/२७ भाग, म्हणजे सुमारे १५ टक्के, उपयोगी पडू शकतो. हे गणित चुकीचे होते, तरीही अर्धशतकाहून अधिक काळ ते प्रमाण मानले गेले.

त्याला छेद दिला तो जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याने. दोन फूट व्यासाचे नमुना-चाक, वरच्या टाकीत पाणी चढवणारा हातपंप आणि आसाभोवती गुंडाळल्या जाणाऱ्या दोरीने उचलले जाणारे वजन, एवढ्या साधनांनिशी त्याने पडलेले पाणी आणि उचललेले वजन यांचा हिशेब ताडून पाहिला. १७५९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेला त्याचा निष्कर्ष असा, की माथ्यावर पाणी घेणारे चाक खालच्या प्रवाहावर चालणाऱ्या चाकाच्या साधारण दुप्पट काम करते. आदळणाऱ्या पाण्याची बरीच शक्ती फेस आणि भोवरे उठवण्यातच खर्ची पडते, हे त्याचे कारण. गणिताआधी मोजमाप हवे, हा त्याचा आग्रह मला त्या निष्कर्षाहूनही मोलाचा वाटतो.

याच सुमारास आपल्याकडील औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की चालू होती. १७४४ च्या सुमारास तुर्कताज खान या सरदाराने बांधलेल्या या चक्कीसाठी शहराबाहेरील डोंगरातील पाणी मातीच्या नळांतून आणून उंच भिंतीवर चढवले होते. तेथून खाली पडणारे पाणी आडव्या चाकाच्या पात्यांवर आदळे आणि लगतच्या दर्ग्यात येणाऱ्यांसाठी धान्य दळले जाई. चाक आडवे असल्याने त्याचा आस सरळ जात्याच्या वरच्या दगडाला जोडता येतो आणि दातेरी चक्रांची गरज उरत नाही. हिमालयातील घराट नावाच्या पाणचक्क्यांचीही रचना अशीच असते.

धक्क्यावर चालणारे चाक त्यामुळे कायमचे कमी प्रतीचे ठरले, असे मात्र नव्हे. पाण्याने आदळल्याविना चाकात शिरावे आणि वेग संपवून बाहेर पडावे, हे तत्त्व झ्याँ-शार्ल द बोर्दा या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७६७ मध्ये मांडले. त्यानुसार पाँसले या फ्रेंच अभियंत्याने चाकाला वक्र पाती बसवली, तर १८२७ मध्ये फुर्नेरों या दुसऱ्या फ्रेंच अभियंत्याने टर्बाइन चालवून दाखवले. लेस्टर पेल्टन याने कॅलिफोर्नियातील खाणींच्या परिसरात बनवलेल्या आणि १८८० मध्ये पेटंट मिळालेल्या चाकात तर प्रत्येक पाते म्हणजे मधोमध धार असलेली जोडवाटी होती: नळीतून सुटलेला झोत त्या धारेवर दुभंगून दोन्ही वाट्यांतून जवळजवळ उलटा फिरतो, आणि वाटीचा वेग झोताच्या सुमारे निम्मा ठेवल्यास बाहेर पडणाऱ्या पाण्यात फारसा वेग उरत नाही. अशा चाकाची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास जाते.

पाणी थोडे आणि उंची पुष्कळ, अशा ठिकाणी हेच चाक सोयीचे, आणि सह्याद्रीचा घाट नेमका तसा आहे. लोणावळा परिसरातील तलावांचे पाणी पाचशे मीटरहून अधिक खाली उतरवून १९१५ मध्ये टाटांचे खोपोली वीजकेंद्र सुरू झाले, ते पेल्टन चाकांवरच. तेथील वीज मुंबईच्या कापड गिरण्यांना पुरवली जाऊ लागली.