प्रतिभावान कुमार फुटबॉलपटूची जडणघडण

फुटबॉलमध्ये समवयस्कांपेक्षा उघडपणे सरस खेळणाऱ्या मुलाला किंवा मुलीला हेरून, वाढीच्या वयात सांभाळून, वरिष्ठ संघात टिकेल असा खेळाडू घडवण्याच्या प्रशिक्षकाच्या कामाला प्रतिभावान कुमार खेळाडूची जडणघडण म्हटले जाते. साधारण दहाव्या वर्षी सुरू होणारे हे काम विशीच्या उंबरठ्यापर्यंत चालते. या काळात मुलाचे शरीर, शाळा, घर आणि मित्रमंडळ असे सगळेच बदलत असते आणि हे बदल प्रत्येक मुलात वेगळ्या गतीने होतात. त्यामुळे मुलाला केव्हा पुढे न्यायचे, केव्हा थांबवायचे आणि कशापासून दूर ठेवायचे, हे ज्या प्रशिक्षकाला कळते त्याच्या हाताखाली प्रतिभा टिकते.

प्रतिभा ओळखण्यातच पहिली मोठी चूक होते. बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या सामन्यात सर्वांत उंच आणि वेगवान मुलगा चेंडू पुढे ढकलून धावत सुटतो, गोल करतो आणि सगळ्यांच्या नजरेत भरतो. पण त्याचे हे यश बहुधा लवकर झालेल्या शारीरिक वाढीचे असते. जाणकार प्रशिक्षक इतर खुणा शोधतो. चेंडू पायाशी येण्याआधी मुलगा मान वळवून आजूबाजूला पाहतो का, पहिल्या स्पर्शातच चेंडू मोकळ्या जागेकडे वळवतो का, चूक झाल्यावर पुन्हा चेंडू मागतो का, हे त्याला महत्त्वाचे वाटते. ॲमस्टरडॅमच्या आयाक्स क्लबने निवडीसाठी तंत्र, खेळाची समज, व्यक्तिमत्त्व आणि वेग अशा चार कसोट्या रूढ केल्या. त्या यादीत उंची आणि ताकद नाहीत, ही बाब मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. जन्मतारखेचाही निवडीवर परिणाम होतो. वयोगट 1 जानेवारीपासून मोजला जातो तेथे जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेली मुले निवडक संघांत जास्त दिसतात आणि वर्षाच्या शेवटी जन्मलेली कमी, कारण एकाच गटातील दोन मुलांत जवळजवळ वर्षभराचे अंतर असू शकते. इंग्लंडमध्ये गणना 1 सप्टेंबरपासून होते, म्हणून तेथे हाच झुकाव सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या मुलांकडे दिसतो.

उंची सर्वांत वेगाने वाढण्याचा काळ मुलींमध्ये सरासरी बाराव्या आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, पण व्यक्तिगणिक तो बराच मागेपुढे होतो. या काळात पाय लांबतात, शरीराचा तोल बदलतो आणि कालपर्यंत सहज जमणारी चेंडूची हाताळणी अचानक बिघडते. मुलाला वाटते आपला खेळ गेला. पालकांना वाटते त्याचे लक्ष उडाले. याच वेळी गुडघ्याखाली, नडगीच्या हाडाला जेथे स्नायुबंध चिकटतो तेथे, दुखू लागते. ऑस्गुड-श्लाटर या नावाने ओळखले जाणारे हे दुखणे वाढीच्या हाडावर पडणाऱ्या वारंवार ताणामुळे होते, आणि त्यावर उड्या व जोरदार फटक्यांचा सराव काही काळ कमी करणे हाच मुख्य उपाय असतो. दुखत असतानाही मुलाला सामन्यात उतरवणारा प्रशिक्षक एका चषकासाठी मुलाचे पुढचे कितीतरी महिने पणाला लावतो. काळजीपूर्वक चालणाऱ्या अकादमींत दर दोन-तीन महिन्यांनी उभी उंची, बसलेली उंची आणि वजन नोंदवले जाते, जेणेकरून वेगाच्या वाढीची चाहूल आधीच लागावी. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने काही स्पर्धांत मुलांची विभागणी वयाऐवजी अपेक्षित प्रौढ उंचीच्या किती टक्के वाढ झाली आहे यावरून करून पाहिली. अशा गटात उशिरा वाढणाऱ्या मुलाला आपले कौशल्य दाखवण्याची संधी मिळते, तर लवकर वाढलेल्याला ताकदीचा आधार सोडून डोके वापरावे लागते.

उशिरा वाढणाऱ्यांची उदाहरणे फुटबॉलच्या इतिहासात ठळक आहेत. क्रोएशियाच्या लुका मॉड्रिचला त्याच्याच देशातील हायदुक स्प्लिट क्लबने किरकोळ शरीरयष्टीमुळे घेतले नाही. आंत्वान ग्रीझमानला फ्रान्समधील अनेक क्लबांनी कमी उंचीमुळे नाकारले आणि तो किशोरवयातच स्पेनच्या रेआल सोसिएदादकडे गेला. मँचेस्टर युनायटेडच्या पॉल स्कोल्सला दमा होता, ऑस्गुड-श्लाटरचे दुखणेही होते, आणि त्याच्या पिढीतील इतरांपेक्षा तो लहानखुरा होता. क्लबने त्याला वेळ दिला. सप्टेंबर 1994 मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, त्याने वरिष्ठ संघातून पहिला सामना खेळला.

याच क्लबातील रायन गिग्ज हे प्रशिक्षकाने प्रतिभा जपल्याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. हा मुलगा मँचेस्टर सिटीच्या प्रशिक्षण केंद्रात जात असे. युनायटेडचे व्यवस्थापक ॲलेक्स फर्ग्युसन यांनी त्याचा खेळ पाहिला आणि 29 नोव्हेंबर 1987 रोजी, गिग्जच्या चौदाव्या वाढदिवशी, ते स्वतः त्याच्या घरी करार घेऊन गेले. वरिष्ठ संघाच्या व्यवस्थापकाने चौदा वर्षांच्या मुलाच्या घरात बसून त्याच्या आईशी बोलावे, यात त्या मुलाचे मोल घरच्यांना जसे कळले, तशी जबाबदारी कोण घेत आहे हेही कळले. सतराव्या वाढदिवशी त्याला व्यावसायिक करार मिळाला आणि 2 मार्च 1991 रोजी एव्हर्टनविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून उतरला. लगेच वृत्तपत्रे मागे लागली. फर्ग्युसन यांनी मात्र वीस वर्षांचा होईपर्यंत त्याला मुलाखती देऊ दिल्या नाहीत. वरिष्ठ संघात खेळत असतानाच तो एरिक हॅरिसन यांच्या कुमार संघातही राहिला आणि 1992 मध्ये त्या संघाने एफए युथ कप ही इंग्लंडमधील कुमार संघांची स्पर्धा जिंकली तेव्हा आपल्या वयाच्या मुलांबरोबर होता. त्याच वर्षी सामन्याच्या तोंडावर तो आणि संघातला सहकारी ली शार्प हे शार्पच्या घरी पार्टी करत असल्याचे कळताच फर्ग्युसन स्वतः तेथे जाऊन थडकले आणि जमलेल्यांना हाकलून लावले. बाहेरच्या कौतुकापासून संरक्षण आणि आतल्या शिस्तीत कसलीही सूट नाही, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडून मिळाल्यामुळे त्या मुलाला त्या पटल्या असाव्यात. गिग्ज युनायटेडकडून 963 सामने खेळला आणि चाळिसाव्या वर्षी निवृत्त झाला.

याच्या उलट टोकाला अमेरिकेच्या फ्रेडी अडूचे नाव घेतले जाते. एप्रिल 2004 मध्ये, अवघ्या चौदाव्या वर्षी, तो डी. सी. युनायटेडकडून व्यावसायिक लीगमध्ये उतरला. त्याआधीच त्याच्याभोवती जाहिराती आणि पेले यांच्याशी तुलना सुरू झाली होती. पुढे तो दहाहून अधिक क्लबांत फिरला, पण कोठेच स्थिरावला नाही. दोष एकट्या मुलाला देणे अन्यायाचे आहे. चुका करत शिकण्याचा काळ त्याला हजारो प्रेक्षकांसमोर काढावा लागला.

रोजच्या सरावात प्रतिभावान मुलाचा प्रश्न असतो तो सोपेपणाचा. प्रत्येक चाल सहज जमते, म्हणून तो विचार करणे सोडतो. यावर प्रशिक्षक नियम बदलून अडचण निर्माण करतात. स्पेनमध्ये रूढ असलेल्या रोंडो या सरावात चार-पाच मुले वर्तुळात उभी राहून आतल्या दोघांना चेंडू लागू न देता पास देत राहतात. हुशार मुलासाठी याच खेळात एकच स्पर्श चालेल, किंवा फक्त डावा पाय वापरायचा, अशी अट घातली की त्याला चेंडू येण्यापूर्वीच निर्णय घ्यावा लागतो. काही दिवस त्याला मोठ्या मुलांत खेळवतात, जेथे केवळ वेगावर निभावत नाही. काही दिवस आपल्याच वयात कर्णधार करतात, जेथे कमी कुवतीच्या सहकाऱ्याला चेंडू कसा आणि केव्हा द्यायचा हे शिकावे लागते. पंधराव्या वर्षापर्यंत एकाच जागेवर बांधून न ठेवणेही हिताचे असते. ड्रिबलिंग करताना, म्हणजे चेंडू पायाशी खेळवत प्रतिस्पर्ध्याला चुकवताना, तो गमावला म्हणून ओरडणारा प्रशिक्षक मुलातील धाडसच मारतो. चेंडू गमावल्यावर तो परत मिळवायला न धावणे ही मात्र खपवून घेऊ नये अशी गोष्ट आहे.

पायऱ्या लवकर चढवणेही नेहमी चूक नसते. लिओनेल मेस्सी 2000 साली, तेरा वर्षांचा असताना, अर्जेंटिनातील रोसारिओहून बार्सिलोनाला आला. त्याच्या वाढीच्या संप्रेरकाच्या उपचारांचा खर्च क्लबने उचलला. 2003-04 च्या हंगामात तो कुमार संघ, क संघ आणि ब संघ अशा पायऱ्या झपाट्याने चढला, नोव्हेंबर 2003 मध्ये पोर्तोविरुद्ध मैत्रीपूर्ण सामन्यात वरिष्ठांबरोबर उतरला आणि 16 ऑक्टोबर 2004 रोजी एस्पान्योलविरुद्ध लीगमध्ये त्याने पदार्पण केले. प्रत्येक पायरीवर त्याला खेळायला मिळत होते, आणि वरिष्ठ संघात रोनाल्डिन्होसारखा त्याला आपलेसे करणारा खेळाडू होता.

भारतात या कामापुढे आणखी एक अडचण आहे, ती खोट्या वयाच्या दाखल्यांची. दोन वर्षांनी मोठा मुलगा चौदा वर्षांखालील गटात गोल करतो तेव्हा खऱ्या वयाच्या हुशार मुलाची जागा जाते. त्यासाठी मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय ठरवणारी चाचणी वापरली जाते. लहानांना मोठ्या मैदानावर अकरा-अकरांच्या सामन्यांत ढकलण्याऐवजी छोट्या संघांत जास्त वेळा चेंडू मिळावा, म्हणून अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने 2018 पासून बेबी लीगची योजना राबवली. महाराष्ट्रात कोल्हापूर हे या खेळाचे जुने घर आहे. तेथील तालमींचे आणि तरुण मंडळांचे संघ शाहू स्टेडियमवर भरगच्च गर्दीसमोर खेळतात, आणि पेठेतल्या पोराला लहानपणीच खेळाची धग लागते. याच शहरातला अनिकेत जाधव पुण्यात प्रशिक्षण घेऊन 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तालमीच्या संघात सोळाव्या वर्षी नाव झालेल्या मुलाला पेठेची ईर्षा, सत्कार आणि दर आठवड्याचे सामने एकदमच मिळतात. अशा वेळी त्याला आठवड्यातून किती सामने खेळू द्यायचे आणि सराव किती ठेवायचा, हे ठरवण्याचा अधिकार प्रशिक्षकाच्या हातात असणे तेथे सर्वांत निकडीचे आहे.