जपानी ठशांची चित्रे घरात लावताना

होकुसाई, हिरोशिगे या जपानी चित्रकारांच्या काळात (एकोणिसावे शतक) लाकडी ठशांनी छापलेली ही चित्रे वर्षानुवर्षे भिंतीवर टांगून ठेवण्यासाठी छापली जात नव्हती. लोक ती हातात घेऊन बघत आणि जपून ठेवून देत. अपवाद ‘हाशिरा-ए’चा. साधारण ७३ × १३ सेंमीच्या या उभ्या पट्ट्या घराच्या खांबावर लावत. दोन दारांमधल्या चिंचोळ्या भिंतीला त्या आजही शोभतात.

म्हणून आमचा आग्रह असा, की फ्रेम एकच पण चांगली करावी, चित्रे तीन-चार घ्यावीत आणि दर तीन महिन्यांनी बदलावीत. बरीच चित्रे ‘ओबान’ मापाची, म्हणजे सुमारे ३९ × २६.५ सेंमी असतात, त्यामुळे एका फ्रेममध्ये आलटून पालटून बसतात. फ्रेमची पाठ खिळ्यांनी ठोकू नये. फिरवून उघडणाऱ्या पट्ट्या लावाव्यात.

माउंट, म्हणजे फ्रेममध्ये चित्राभोवती येणारा पुठ्ठा, आम्लविरहित आणि मोतिया रंगाचा घ्या. कागद मुळातच किंचित पिवळसर असतो, पांढऱ्याशुभ्र माउंटात तो मळका दिसतो. माउंटातली खिडकी चित्राच्या कागदापेक्षा चारही बाजूंनी ३ मिमी मोठी कापा, म्हणजे कडेचे शिक्के झाकले जात नाहीत. सोनेरी नक्षीची फ्रेम मात्र नकोच. १२ ते १५ मिमी रुंदीची, पॉलिश न केलेली लाकडी पट्टी पुरते.

सगळ्यात जास्त नुकसान चिकटवण्यात होते. चित्र फक्त वरच्या कडेला, जपानी कागदाच्या दोन छोट्या बिजागऱ्यांवर, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने टांगावे. पावसाळ्यात कागद फुगतो. चारही कडा चिकटवलेल्या असतील तर त्याला पसरायला जागा राहत नाही आणि लाटा येतात. सेलोटेपचे पिवळे डाग तर निघता निघत नाहीत. काच कागदाला टेकू देऊ नका, तिथेच बुरशी धरते. फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना मागून ५ मिमीची बुचाची बटणे लावा, मागून हवा खेळते. पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत टाळा.

अतिनील किरण अडवणारी काच लावली की काम झाले, असे नाही. साध्या उजेडानेही रंग उडतात. जुन्या प्रतींतला करडईच्या फुलांचा लाल फार नाजूक. १८३० च्या सुमारास रुळलेला प्रशियन निळा त्यामानाने टिकाऊ. उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचे एकक) आसपास, म्हणजे मंदच ठेवावा. रोज भिंतीवर ठेवायला जुनी मूळ प्रत नको; त्याच पद्धतीने नव्याने कोरून हाताने छापलेली घ्या.

हाताने छापलेली कशी ओळखायची? दहापट भिंगातून बघा. रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ते यंत्राचे काम. मग कागद उलटा करा : रंग मागपर्यंत झिरपलेला आणि ‘बारेन’ने, म्हणजे घासायच्या चकतीने, दाबल्याच्या खुणा दिसायला हव्यात. हिरोशिगेचे ओहाशी पुलावरच्या अवचित सरीचे चित्र (१८५७) बघा. वरचा काळा ढग खाली विरत जातो, ती ‘बोकाशी’. ठसा ओला करून त्यावरचा रंग प्रत्येक प्रतीसाठी हाताने पातळ करत न्यायचा, त्यामुळे दोन प्रतींतले ढग तंतोतंत सारखे नसतात. हा दोष समजून प्रत परत करू नका.

चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर ठेवा, भारतीय बैठक असेल तर १२० वर. आजूबाजूची भिंत मोकळीच राहू द्या.